एफएसएच एकटं बघून खूश होऊ नका
बऱ्याच जणी म्हणतात की पाळीच्या दुसऱ्या दिवशीच्या रक्तात एफएसएच (अंडी वाढवायला लावणारं हार्मोन) १० च्या आत आलं म्हणजे अंड्यांचा साठा ठीक, एएमएच (साठ्याचा अंदाज देणारं हार्मोन) कमी असलं तरी टेन्शन नको. टेन्शन नको हे पटलं, पण बाकीचं अर्धंच बरोबर आहे, कारण त्याच रक्तातून एस्ट्राडिऑल (ओव्हरीतून येणारं हार्मोन) पण बघायला लागतं. माझं एफएसएच ६.८ आलं, आम्ही एवढे खूश की नवरा येताना पेढे घेऊन आला, आणि डॉक्टरबाईंनी पेनाने गोल केला तो भलत्याच ओळीला, एस्ट्राडिऑल ९४! पाळीच्या सुरुवातीला ते साधारण ८० च्या आत हवं म्हणाल्या, वाढलेलं असलं की मेंदूतून येणारं एफएसएच दाबलं जातं आणि आकडा उगाच छान दिसतो. पुढच्या पाळीत परत केलं तर एस्ट्राडिऑल ३८ आणि एफएसएच थेट १३. सोनोग्राफीत दोन्ही ओव्हरीज मिळून पाचच फॉलिकल्स (अंडी असलेल्या छोट्या पिशव्या) दिसले, म्हणजे माझं कमी आलेलं एएमएच बिचारं खरंच सांगत होतं.

अर्थात हे सगळं संख्येचं झालं हं, अंड्याचा दर्जा यातल्या कुठल्याच आकड्यात दिसत नाही, तो मुख्यतः वयावर जातो.