मदत हवी आहे: ४ दिवसांचा ट्रेक आणि नेमकी पाळी

मैत्रिणींनो, पुढच्या महिन्यात ४ दिवसांचा ट्रेक आहे, मुक्काम तंबूत, आणि तारीख मोजली तर पाळीचा दुसरा दिवस नेमका मोठ्या चढाईच्या दिवशी येतोय. गोळ्या घेऊन पुढे ढकलायची नाहीये मला. ६ महिने मेन्स्ट्रुअल कप (आत घालायचा, रक्त साठवणारा मऊ कप) वापरतेय, १२ तासांपर्यंत चालतो म्हणून पॅडपेक्षा बराच सोयीचा, पण घरी नळ असतो, तिकडे झुडपामागे उकिडवं बसून, तोंडात टॉर्च धरून, बोटं मातीने माखलेली, अशात कप काढून परत घालायचा कसा? सॅनिटायझरच्या ओल्या हाताने घातला तर भयंकर आग होते, एकदा भोगलंय. पिण्याच्या पाण्यानेच धुता का, साधारण किती लागतं? रक्त ओढ्यापासून ६०-७० मीटर लांब, वीतभर खड्ड्यात पुरायचं एवढं माहितीये. पण जोडीला नेलेले पॅड पुरता येत नाहीत, प्लॅस्टिक असतं त्यात, मग वापरलेले ४ दिवस सॅकमध्ये वास न येता ठेवायचे कशात? आणि घामाने जांघा सोलवटतात त्यावर काय लावता? जिने स्वतः केलंय तिने प्लीज सविस्तर सांगा, अजिबात लाजू नका.