व्हिडिओ पाहून हात बसत नाही

कोळसाकांडी: "गुरू, वर्ग, वर्षानुवर्षांची तालीम हे सगळं आता कालबाह्य, यूट्यूब आहे ना!" असं काल एकाने लिहिलं आणि खाली वाहवाही झाली. मी २२ वर्षं चित्रकला शिकवतेय, गप्प बसवेना. २०१८ साली कार्डास आणि ओब्रायन या दोघा संशोधकांनी एक प्रयोग केला. डार्ट फेकण्याचा व्हिडिओ काहींना एकदा दाखवला, काहींना २० वेळा. पुन्हा पुन्हा पाहणाऱ्यांचा "मला जमेल" हा विश्वास वाढला, नेम मात्र सुधारला नाही. माझ्याकडे येणारी मुलं अर्ध्या मिनिटात पूर्ण होणारं व्यक्तिचित्र पाहून येतात. त्याआधी खोडलेले चाळीस हात त्यांना कुणी दाखवलेले नसतात, म्हणून पहिला हात बिघडला की कागदच बाजूला. आणि तिसऱ्याच चित्राला शेकडो लाइक मिळाले की चौथं, पाचवं, सगळी तशीच. कच्चेपण चारचौघांत मांडायची घाई झालीय, ते जिरवायला कुणाला वेळ नाही.

स्वयंशिक्षित: केनियाचा ज्यूलियस येगो व्हिडिओ पाहून भालाफेक शिकला आणि २०१५ च्या बीजिंगमधल्या जागतिक स्पर्धेत ९२.७२ मीटर फेकून सुवर्ण घेऊन गेला. त्याचाही हात बसला नव्हता का? माझ्या व्हायोलिनच्या शिक्षकांनी तीन वर्षं माझा गज चुकीचा धरू दिला. विचारलं की "वेळ आली की सांगेन". एका अनोळखी बाईंच्या ११ मिनिटांच्या व्हिडिओत कळलं की माझा अंगठा आखडलेला आहे. तीन वर्षं!

रात्रपाळी: हातचं राखून शिकवणं हाच खरा रोग. मला यंत्रदुरुस्ती शिकवणारे महत्त्वाचा जोड करताना पाठ फिरवायचे. मी वाकून बघितलं म्हणून एकदा बाहेर काढलं. अशा लोकांची मक्तेदारी मोडली याचं दुःख मला नाही.

कोळसाकांडी: धागा शिक्षकांच्या पापांवर नाही. आणि येगोची अर्धीच गोष्ट सांगू नका, तो पुढे फिनलंडला जाऊन प्रशिक्षकाच्या हाताखाली सराव करत होता.

स्वयंशिक्षित: तिथवर त्याला कुणी पोचवलं? व्हिडिओनेच. शिक्षकांची पापं तुम्हाला नकोत, कारण मग व्हिडिओ का चालतात याचं उत्तर द्यावं लागेल.

मधली_ओळ: दोघंही जरा थांबा. निपुण व्हायला दहा हजार तास सराव लागतो असं म्हणतात ना, ते प्रसिद्ध दहा हजार तास मानसशास्त्रज्ञ एरिक्सनच्या १९९३ च्या अभ्यासातून आले, बर्लिनच्या व्हायोलिनवादकांवरच्या. तो आकडा सरासरी होता, उंबरठा नव्हे. एरिक्सनचा भर नुसत्या तासांवर नव्हता, चूक लगेच दाखवली जाते का यावर होता. व्हिडिओ तुम्हाला दिसतो, तुम्ही त्याला दिसत नाही.

रात्रपाळी: हे पटलं. तरी पाठ फिरवणाऱ्या त्या माणसाला माफ करणार नाही. एक मात्र कोळसाकांडी ताईंच्या बाजूने: विशीत मी चारचौघांत औषधांवरून तावातावाने वाद घालायचो. चुकलोय हे रात्रीच कळलेलं असायचं. पण एवढे लोक बघत होते की माघार घेता आली नाही, उलट आणखी चार मुद्दे शोधून आणले. तीच चूक एखाद्या जाणत्यासमोर एकांतात झाली असती तर मी शहाणा लवकर झालो असतो.

कोळसाकांडी: गज चुकीचा धरू देणाऱ्या शिक्षकापेक्षा व्हिडिओ बरा. घ्या, मान्य केलं. पण अंगठा मोकळा झाला की नाही, हे कुणी पाहिलं?

स्वयंशिक्षित: बहिणीने. ती वाजवते. वर्षभर रोज समोर बसायची, आखडला की बोटावर टिचकी.

कोळसाकांडी: मग मी दुसरं काय सांगत होते?

स्वयंशिक्षित: ती शिक्षक नाही. आणि तिने माझ्यापासून काही लपवलं नाही.