मदत हवी आहे: हीट पल्स सेन्सर मातीचा ओलावा जास्त दाखवतोय

नमस्कार. माझ्याकडे दोन सुयांचा सेन्सर आहे. एका सुईत हीटर, दुसरीत थर्मिस्टर (तापमान मोजणारा), मध्ये ६ मिमी अंतर. हीटरला ८ सेकंद करंट द्यायचा आणि दुसरी सुई जास्तीत जास्त किती तापते ते नोंदवायचं. त्यावरून मातीची उष्माधारकता (ठरावीक आकारमानाची माती एक अंश तापायला लागणारी उष्णता) काढायची, त्यातून कोरड्या मातीचा वाटा वजा करायचा, उरलं ते पाणी.

त्याच मातीचे नमुने १०५ अंशांवर २४ तास ओव्हनमध्ये वाळवून पडताळले. ओव्हनप्रमाणे ५ टक्के (आकारमानाने), तिथे सेन्सर ७ म्हणतो. २५ टक्के, तिथे २८.५. घनता १.३ आणि मातीचा विशिष्ट उष्मा ०.८ धरलाय. विशिष्ट उष्मा ०.९१ केला की ओल्या मातीचं जुळतं, पण कोरडी ३.५ वर घसरते. मातीचं तापमान आपोआप चढतं-उतरतं, ते पल्सच्या आधीच्या नोंदींवरून वजा करतोय. आठवडाभर यातच अडकलोय. जाणकारांनी कृपया सांगा, कुठे चुकतंय?

प्रतिसाद:
विशिष्ट उष्म्याला हात लावू नका. तो चुकला असता तर फरक दोन्हीकडे सारखा आला असता. तुमचा ओलाव्याबरोबर वाढतोय, म्हणजे अख्खी उष्माधारकताच काही टक्क्यांनी जास्त येतेय. माझा संशय सुयांमधल्या अंतरावर आहे. सूत्रात अंतराचा वर्ग भाजकात असतो, त्यामुळे ६ च्या जागी खरं ६.२ असेल तर जवळपास ७ टक्क्यांची चूक होते. कडक मातीत रोवताना सुया एवढ्या सहज वाकतात, डोळ्यांना दिसतही नाही. करंटचाही वर्गच लागतो, तेव्हा तोही मोजून घ्या.

लिटरभर पाण्यात ५-६ ग्रॅम अगर-अगर (पाण्याची जेली करणारी पूड) उकळून गार करा आणि त्यात पल्स द्या. उष्माधारकता पाण्याचीच, ४.१८, धरून अंतर उलटं काढा. नुसत्या पाण्यात करू नका, तापलेलं पाणी वर सरकतं आणि उष्णता घेऊन जातं.

धागाकर्ता:
करंट बरोबर आहे. अगरमध्ये अंतर ६.१९ आलं! ते घालून आकडे ५.१ आणि २५.३. मनापासून आभार. पण पुन्हा रोवताना वाकल्या तर कळणार कसं?

प्रतिसाद:
मातीत असताना नाही कळत. माती ओली असताना, सुया न हलवता सरळ रोवा. काढल्यावर परत अगरमध्ये तपासा, आणि अंतर बदललेलं दिसलं तर मधल्या नोंदींवर विसंबू नका.