अनुभव धागा : गुरुजींच्या यादीत न बसणारे सखे

महालयाच्या श्राद्धात आई-वडील, आजी-आजोबा यांच्या पाठोपाठ गुरू, आप्त आणि सखा यांच्याही नावाने पिंड दिला जातो. गेल्या वर्षी गुरुजींनी मला विचारले, "सख्यांपैकी कोणी?" माझ्या डोळ्यांसमोर जो उभा राहिला तो जिवंत होता, शिवाय माझ्या निम्म्या वयाचा होता, म्हणून मी "कोणी नाही" असे सांगून मोकळी झाले. ते उत्तर मला अजून खटकते. आपल्या माणसाच्या मृत्यूत आपलाही हात होता, किंवा करायला हवे होते ते आपण केले नाही, ही टोचणी घेऊन जगताना वय, जात, शिक्षण, पगार यांपैकी काहीही जुळत नसलेल्या एखाद्या माणसाने तुम्हाला सोबत केली असेल, तर ते इथे लिहावे. कोणाचीही नावे लिहू नयेत. सल्लेही देऊ नयेत. त्यांचा तुटवडा नाही. सुरुवात मी करते.

मी पुण्यात एका बँकेत अधिकारी आहे. बँका अत्यावश्यक सेवेत मोडत असल्यामुळे एप्रिल २०२१ मध्येही मी रोज कामावर जात होते. घरी मी आणि ७६ वर्षांचे बाबा, एवढेच. मला ताप आला त्याच्या तिसऱ्या दिवशी बाबांना आला आणि बाराव्या दिवशी ते गेले. आजार घरात कोणी आणला याविषयी शंकेला जागाच नव्हती, कारण बाबांनी महिनाभर उंबरठा ओलांडला नव्हता. मी स्वतः विलगीकरणात असल्याने त्यांना पोहोचवायलाही जाऊ शकले नाही. शववाहिकेवरच्या मुलाने मला फोन केला आणि विचारले, "मॅडम, व्हिडिओ कॉल लावू का? दोन मिनिटं मिळतील." त्याने ती दोन मिनिटे फोन स्थिर धरून ठेवला. त्याचा हात थरथरत नव्हता, हे मला आजही आठवते.

अस्थी ठेवलेली पिशवी त्यानेच पंधरा दिवसांनी आणून दिली. मी त्याला पैसे देऊ केले, ते त्याने घेतले नाहीत. चहा मात्र घेतला. तो मूळचा बीडकडचा, पोलीस भरतीची तयारी करणारा, आणि तोवर दोनदा लेखी परीक्षेत मागे राहिलेला. मैदानी चाचणीतली १६०० मीटरची धाव त्याला सहज जमत असे, गणित मात्र जमत नसे. मी त्याला शेकडेवारी आणि काळ-काम-वेग शिकवू लागले. वाचणाऱ्यांना हे परोपकाराचे वाटेल, म्हणून स्पष्ट सांगते, की रविवारच्या दुपारी घरात दुसऱ्या माणसाचा आवाज असावा एवढाच माझा स्वार्थ होता.

एका रविवारी मी त्याला सांगितले, की बाबांना मीच मारले. "असं काही नसतं, ताई" हे वाक्य मला तोपर्यंत प्रत्येकाने ऐकवले होते आणि त्यानंतर प्रत्येकाने विषय बदलला होता. तो तसे म्हणाला नाही. बराच वेळ वहीकडे पाहत राहिला आणि मग त्याने स्वतःचे सांगितले. आपल्यामुळे आजीला लागण होऊ नये म्हणून तो आठ महिने गावी गेला नव्हता. आजी गेली ती हृदयविकाराने, आणि शेवटच्या आठवड्यात ती त्याचेच नाव घेत होती. मी जवळ राहिले म्हणून अपराधी होते, तो लांब राहिला म्हणून. दोघांपैकी एकाचे बरोबर असते, तर दुसऱ्याला निदान चूक कोणती ते कळले असते. त्या दिवशी आम्ही गणित केले नाही. मी पिठले टाकले, आम्ही जेवलो, आणि कितीतरी महिन्यांनी मला अन्नाची चव लागली.

– धागाकर्ती, पुणे

*

माझी गोष्ट २०१३ सालची आहे. पुणे-सातारा मार्गावर खंबाटकी घाट ओलांडून पुण्याकडे येताना, रात्री साडेदहाच्या सुमारास, रस्त्याच्या कडेला एक मोटारसायकल आडवी पडलेली आणि तिच्याजवळ एक तरुण हालचाल करत असलेला मला दिसला. मी गाडीचा वेग कमी केला होता, एवढे कबूल करतो. शेजारी पत्नी होती, मागे मुलगी झोपली होती, आणि पोलीस, पंचनामा, साक्ष, कोर्टाच्या तारखा हे सारे चार सेकंदांत माझ्या डोक्यातून गेले. मी थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी होत्या.

पाच-सहा महिन्यांनी त्याच पट्ट्यात माझ्या गाडीचे चाक पंक्चर झाले. पंक्चर काढणारा केरळचा होता आणि त्याचे मराठी हायवेवर शिकलेले, क्रियापदांशी भांडणारे होते. बोलता बोलता त्याने त्या रात्रीचा अपघात सांगितला, कारण तोच त्या मुलाला एका भाजीच्या टेम्पोत घालून घेऊन गेला होता. मुलगा वाटेत गेला. माझी गाडी तिथून गेली होती, हे मी त्याला त्या दिवशी सांगितले नाही. तिसऱ्या खेपेला सांगितले. त्याच्या हातात टायर होता; तो त्याने खाली ठेवला, हात पुसले आणि म्हणाला, "मग आता थांबायचं."

हे वाक्य त्याने क्षमा म्हणून उच्चारले नव्हते. टायर बदलायला झाला आहे, असे ज्या आवाजात तो सांगतो त्याच आवाजात ते आले होते. आम्ही दोघे एका शिबिरात प्रथमोपचार शिकलो, वाहते रक्त दाबून धरायला शिकलो, मान न हलवता माणसाला कसे उचलायचे ते शिकलो. जानेवारी २०१४ मध्ये राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सुरू झाली होती, तो क्रमांक त्याने दुकानाच्या पत्र्यावर ऑइलपेंटने रंगवून घेतला. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले, म्हणजे जखमीला नेणाऱ्याला आपले नाव सांगण्याचीही सक्ती उरली नाही. त्या कलमाची मराठी प्रत मी त्याला छापून दिली. त्याने ती वाचली आणि विचारले, "हे नव्हतं तेव्हा टेम्पोवाला कसा थांबला?" माझ्याकडे उत्तर नव्हते. तो मला या प्रश्नातून सोडत नाही, म्हणूनच बहुधा मी दर महिन्याला त्याच्याकडे हवा भरायला जातो, चाकात हवा पुरेशी असली तरी.

– सातारकर

*

वरचे दोन्ही अनुभव वाचले. धाग्याचा सूर असा होत चालला आहे, की मैत्री झाली आणि ओझे हलके झाले. माझे तसे नाही, म्हणून लिहिते.

मी यवतमाळ जिल्ह्यात अंगणवाडी सेविका आहे. २०१६ मध्ये माझ्या यजमानांनी आत्महत्या केली. आदल्या संध्याकाळी मुलीच्या फीवरून मी त्यांना बोलले होते. जे बोलले ते इथे लिहिणार नाही. शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात कुटुंबाला मिळणाऱ्या एक लाख रुपयांच्या मदतीसाठी समितीपुढे प्रकरण 'पात्र' ठरावे लागते. सातबारा, थकबाकीचे दाखले, पोलिसांचे कागद जमवावे लागतात. हे सगळे कागद माझ्याबरोबर फिरून जिने जमवले ती कर्जवसुलीसाठी आमच्या दारात येणाऱ्या माणसाची बायको होती. तिला तिच्या घरून विरोध होता, मला माझ्या सासरहून. आम्ही एसटी स्टँडवर भेटत असू आणि एकच डबा खात असू. दोन वर्षांनी तिच्या नवऱ्याची बदली झाली, मग फोन कमी होत गेले आणि नंतर थांबले. मी अजूनही अपराधी आहे, आणि वर तिची आठवणही येते. दुःखात दुःखाची भर पडली असे म्हणा. तरी ती भेटलीच नसती तर बरे झाले असते, असे मला एकदाही वाटलेले नाही.

– एक सेविका

*

मी कॅनडात, टोरांटोजवळच्या मिसिसॉगात राहतो. मे २०२० मध्ये नागपूरला आई वारली. मार्चच्या अखेरीपासून भारताची नियमित आंतरराष्ट्रीय विमाने बंद होती. तरीही, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, आई "येऊन जा" म्हणाली होती तेव्हा विमाने सुरू होती आणि मी सुट्टी वाचवत होतो, हे मला कोणताही निर्बंध विसरू देत नाही.

आमच्या इमारतीच्या तळघरातल्या धुलाईच्या खोलीत एक वृद्ध बाई भेटत. त्या लाहोरच्या. त्यांची बहीण त्याच उन्हाळ्यात तिकडे वारली होती. आम्ही मुखपट्टी लावून, दोन यंत्रांचे अंतर ठेवून बसत असू. एकदा त्यांनी विचारले, "आईशी तू कोणत्या भाषेत बोलायचास?" मी सांगितले. त्या म्हणाल्या, "मग त्याच भाषेत बोल. मला कळायची गरज नाही." मी त्यांना मराठीत सगळे सांगितले, सुट्टीचे आणि मार्च महिन्याचे. ड्रायर संपेपर्यंत, म्हणजे पाऊण तास, त्या ऐकत होत्या. मग त्या ठेठ पंजाबीत बोलल्या आणि मी ऐकले. त्यातले मला "बहन" आणि "रोटी" एवढेच कळले.

– मूळ नागपूरकर

*

मी मुंबईच्या उपनगरी लोकलवर मोटरमन होतो. चार वर्षांपूर्वी निवृत्त झालो. माझ्या नोकरीत तीन माणसे गाडीखाली आली. लोकांना वाटते ब्रेक लावला की गाडी थांबते. भरधाव लोकल आपत्कालीन ब्रेक लावल्यावरही काहीशे मीटर पुढे जाते, आणि तेवढ्या वेळात मोटरमनला करण्यासारखे हॉर्न वाजवणे एवढेच असते. हे मी स्वतःला हजारदा सांगितले आहे. पहिल्या दोघांच्या बाबतीत ते पुरले. तिसऱ्याने गाडीकडे पाहिले होते.

त्या दिवशी गार्डला कळवले, पुढच्या स्टेशनला मेमो दिला आणि गाडी पुढे नेली. घरी काही बोललो नाही. त्या भागात रूळ तपासत चालणारा कीमन रुळांवरच्या कामाला सरावलेला होता, आणि त्या सकाळी चादर घेऊन पुढे आलेल्यांत तोही होता. महिनाभराने तो लॉबीत, म्हणजे मोटरमन जिथे हजेरी लावतात तिथे, मला शोधत आला. मोटरमन आणि कीमन एका बाकावर बसून चहा पिताना फारसे दिसत नाहीत. तो म्हणाला, "साहेब, त्याच्या डब्यात मेथीची भाजी होती. मला कोणाला तरी सांगायचं होतं." मी विचारले, "मलाच का?" तो म्हणाला, "बाकी कोण होतं तिथं?"

तेव्हापासून त्या किलोमीटरच्या दगडापाशी तो कामावर दिसला की मी नियमाच्या हॉर्नपेक्षा थोडा लांब हॉर्न देत असे आणि तो हातोडा वर करत असे. अकरा वर्षे हे चालले. आम्ही एकमेकांच्या घरी कधी गेलो नाही, मुलांच्या लग्नाच्या पत्रिका मात्र पाठवल्या.

मागच्या महिन्यात मी प्रवासी म्हणून त्याच मार्गाने जात होतो आणि मुद्दाम दारात उभा राहिलो. तो होता, रुळाकडे वाकलेला. गाडी पुढे निघून गेली. संध्याकाळी मी फोन करून सांगितले, की आज तू मला पाहिले नाहीस. तो म्हणाला, "हॉर्न साधा होता, साहेब. म्हणून वर बघितलं नाही."

– निवृत्त मोटरमन, कल्याण