पुराचा अंदाज: मॉडेलं माणसाच्या डोक्यात असावीत की ग्राफमध्ये?

पाणलोट:
कृष्णा खोऱ्यातल्या पुराचा अंदाज एका मॉडेलवर निघत नाही. पावसाचं एक, त्यातलं किती पाणी नदीत येईल याचं दुसरं, कोयना धरणातून किती सोडायचं याचं तिसरं, कराडहून लोंढा सांगलीला कधी पोचेल याचं चौथं. एकाचं आउटपुट दुसऱ्याचं इनपुट. ही जोडाजोड मी जिथे पाहिली तिथे एका अनुभवी माणसाच्या डोक्यात आणि त्याच्या एक्सेलमध्ये होती. ती ग्राफमध्ये, म्हणजे ठिपके आणि बाणांच्या जाळ्यात आणा. मॉडेलं आणि आकडे हे नोड (ठिपके), कोण कुणावर अवलंबून ते बाण. काय आधी चालवायचं तो क्रम टोपॉलॉजिकल सॉर्ट देतो (कानची पद्धत १९६२ची आहे, नवीन काही नाही). कोयनेच्या पाणलोटातल्या नवजाचा पावसाचा आकडा दुरुस्त झाला, तर त्याच्या पुढचं तेवढंच पुन्हा चालवायचं.

हरिपूरकर:
वारणा आमच्या गावाशी कृष्णेला मिळते, म्हणून बोलतो. कृष्णा चढली की वारणेचं पाणी आत शिरत नाही, मागे फुगतं. म्हणजे खालचं वरच्यावर अवलंबून आणि वरचं खालच्यावर. झालं चक्र, आधी कोण हेच ठरत नाही, बसला तुमचा सॉर्ट. (कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाचं नाव मुद्दाम काढत नाही, धागा तिकडेच वाहून जाईल.)

पाणलोट:
चक्र आहे हे ग्राफ काढल्यावरच दिसतं ना! एकमेकांत अडकलेले नोड शोधायची टार्जनची पद्धत १९७२पासून आहे. त्यांचं एक गाठोडं बांधा, आत आकडे स्थिरावेपर्यंत फेऱ्या मारा. बाहेरून ग्राफ पुन्हा सरळ.

हरिपूरकर:
म्हणजे दोन्ही नद्या एकाच मॉडेलमध्ये सोडवा. ते हायड्रॉलिक्सवाले कधीपासून करतायत. ग्राफ थिअरीनं त्यात काय भर घातली?

गणिती किडा:
दोघंही साध्या ग्राफवर भांडताय, आणि तोच इथे तोकडा आहे. धरणाच्या मॉडेलला येवा (धरणात येणारं पाणी), सध्याची पातळी आणि दरवाजांची स्थिती तिन्ही लागतात. साध्या ग्राफमध्ये येव्यापासून विसर्गापर्यंत वाट सापडली की वाटतं, उत्तर मिळणार. पातळीचा आकडा आलेलाच नसला तरी! बसू आणि ब्लॅनिंग या संशोधकांनी मेटाग्राफ मांडला तो याचसाठी. त्यात बाण एका नोडकडून नाही, अख्ख्या संचाकडून संचाकडे जातो. संच अपुरा असेल तर वाट नाहीच.

फूटपट्टी:
मेटाग्राफ राहू द्या, आधी एककं बघा. सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळी फुटांत, ४५ला धोका. धरणाची पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये. साठा टीएमसीत (अब्ज घनफुटांत). विसर्ग क्युसेकमध्ये जाहीर होतो आणि मॉडेल मागतं क्युमेक. १ क्युमेक (सेकंदाला एक घनमीटर) म्हणजे ३५.३ क्युसेक (सेकंदाला घनफूट). आकडा पस्तीसपट चुकला तरी बाण जोडलेलाच दिसतो, ग्राफ हिरवागार! आमच्याकडे एका पुलाच्या मोजपट्टीचा शून्य नेमका किती उंचीवर धरलाय, हेच कुणी लिहून ठेवलं नव्हतं. दोन दिवस जुन्या वह्या चाळल्या मी.

पाणलोट:
मान्य, ताई. पण एकक आणि मोजपट्टीचा शून्य बाणावरच लिहिले आणि न जुळणारा बाण जोडूच दिला नाही, तर? एक्सेलच्या सेलमध्ये नुसता आकडा असतो, तिथे हे कुठे अडणार?

हरिपूरकर:
अडवा की. माझं दुखणं वेगळं आहे. २०१९ला आयर्विनला पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं. पावसाचा अंदाज थोडा हलला की चार मॉडेलं ओलांडेपर्यंत त्याचं काय होतं? शेवटी एकच आकडा छापता. किमान 'इतके ते इतके फूट' तरी सांगा, म्हणजे गाय सोडायची की ट्रंक माळ्यावर टाकायची ते आम्ही ठरवू.

गणिती किडा:
हा मुद्दा खरा. पावसाचे पन्नास वेगवेगळे अंदाज त्याच ग्राफमधून सोडा, पट्टा मिळेल. हातानं एक्सेलमध्ये पन्नास वेळा कोण करणार?

पाणलोट:
आणि तो एक्सेलवाला माणूस पुढच्या मेमध्ये निवृत्त होतोय.

फूटपट्टी:
मग यंदाचा पावसाळा त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसा. कुठला आकडा तो कुणाला न विचारता बदलतो, तेवढं टिपा.

पाणलोट:
बसतो. पण टिपलेलं ग्राफमध्येच घालणार, आधीच सांगतो.