वॉर्डरोबला बुरशी आणि घरात जागाच नाही, काय करू?

शेवंती:
डोंबिवलीत वन बीएचके आहे, सासूबाईंची पितळी भांडी, मुलाची पुस्तकं, गाद्या सगळं कोंबून कोंबून बसवलंय आणि आता पावसात वॉर्डरोबला बुरशी धरलीये, पैठणीच्या प्लास्टिकच्या पिशवीत पांढरे ठिपके बघून अक्षरशः रडू आलं. मागची भिंत बाहेरची आहे. सुतार म्हणतो आतून नवीन लॅमिनेट मारू. मारू का?

सुतारपक्षी:
अजिबात नको!! ओल आतच कोंडेल. आधी सोसायटीला अर्ज द्या, पाऊस उघडला की बाहेरून भेगा बुजवून वॉटरप्रूफिंग. पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) असेल तर तो फुगला की संपला, नवीन करताना ७१० ग्रेडचा (IS 710 मानकाचा, ओलीला टिकणारा) मरीन प्लाय घ्या आणि भिंतीपासून दोनेक इंच सोडा.

ठाणेकर:
ताई पैठणी आत्ता बाहेर काढा, सावलीत वाऱ्यावर टाका, मग सुती कापडात बांधा, डांबरगोळी जरीला लागू देऊ नका. कॅल्शियम क्लोराईडचे ओल शोषणारे डबे मिळतात, खाली पाणी साचतं ते कपड्यांवर सांडू नये एवढं बघा.

शेवंती:
पार्टिकल बोर्डच आहे, खालची फळी फुगून दार लागत नाहीये. आणि भांडी? माळा भरलाय, मोडीत द्यायचा जीव होत नाही, माझासुद्धा.

मालवणी_काकी:
मोडीत कशाला गं, वापरात काढ. पितळी डब्यांत तांदूळ डाळ भर, प्लास्टिकचे डबे काढून टाक, आंबट काही ठेवणार असशील तर आधी कल्हई करून घे.