गड्ड्याच्या जत्रेला आईला घेऊन येतोय, सोलापूरकरांनो मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. येत्या जानेवारीत आईला घेऊन सोलापूरला यायचं ठरलंय. तिचं बालपण तिथंच गेलं. सिद्धेश्वर यात्रेतले, म्हणजे गड्ड्याच्या जत्रेतले, सात नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठ्या) आणि भोगीच्या दिवशीचा अक्षता सोहळा (सिद्धेश्वरांचा प्रतीकात्मक विवाह) पुन्हा एकदा डोळे भरून बघायचाय, एवढंच तिचं मागणं आहे. मला ते काही करून पूर्ण करायचंय.

अडचण अशी की तिचे गुडघे दुखतात, फार वेळ उभं राहवत नाही. अक्षता सोहळा होतो त्या संमती कट्ट्याजवळ एवढ्या गर्दीत ज्येष्ठांना बसून सोहळा दिसेल अशी जागा असते का? किती वाजता पोचावं? की नंदीध्वजांची मिरवणूक वाटेतच एखाद्या ठिकाणी बघणं बरं?

दुसरं, तिला नाटकाचं वेड. हुतात्मा स्मृतिमंदिरात त्या आठवड्यात प्रयोग असेल तर तिकीट कुठं मिळेल? १२ जानेवारीला सोलापूरच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या चार हुतात्म्यांना वंदन करायचंय, १९३१ साली त्याच दिवशी ते फासावर गेले. भुईकोट किल्ला जमला तर बघू.

मंदिराजवळ तळमजल्यावर खोली मिळेल असं स्वच्छ लॉजही सुचवा. शेंगा चटणी कुठून घ्यायची ते मात्र आईला पक्कं ठाऊक आहे!